पाण्यावरचे धाट



रविवारची सकाळ झाली की आमच्या भवानी पेठेतल्या गल्लीतून दोन-तीन मुले सायकलींवरून निघतात. सायकलच्या दांडीला कळकाच्या लांब काठ्या बांधलेल्या असतात. हँडलला एक डबा अडकवलेला असतो आणि डब्यात ओल्या मातीत गांडुळे असतात. ही स्वारी कुठे निघाली हे विचारावे लागत नाही. विजापूरचा रस्ता शहराच्या दक्षिणेला वडकबाळजवळ सीना नदी ओलांडतो, तिथे गळ टाकायला ती निघालेली असते.

त्यांच्यातल्या एका नववीतल्या मुलाने मध्यंतरी मला विचारले, "सर, पाण्यातला मासा दिसत नाही, तरी तो गळाशी आला हे आम्हाला लगेच कळतं. मग पाणी किती खोल आहे, हे नुसतं बघून का कळत नाही?"

प्रश्न मोठा मार्मिक आहे, आणि त्याचे उत्तर त्याच्याच हातात होते. गळाच्या दोऱ्याला अडकवलेला ज्वारीच्या धाटाचा एक तुकडा हेच ते उत्तर. आज आपण या धाटाची ओळख करून घेऊ. ती केवळ गंमत म्हणून नव्हे, तर तिच्यावाचून जिवावर कसे बेतू शकते हे मी लहानपणी स्वतः अनुभवले आहे म्हणून. तो प्रसंग पुढे येईलच.

गळाचा सरंजाम

गळ टाकायला फार काही लागत नाही. एक काठी, तिच्या टोकाला बांधलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, दोऱ्याच्या शेवटी लोखंडी गळ आणि त्याला टोचलेले आमिष. गळाच्या थोडे वर शिशाची एक लहान गोळी असते. त्याच्याही वर, पाण्याची खोली पाहून, ज्वारीच्या वाळलेल्या धाटाचा बोटभर तुकडा अडकवलेला असतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात कडब्याला तोटा नाही. धाटाच्या आतल्या पांढऱ्या भेंडाच्या बैलगाड्या तुमच्यापैकी कित्येकांनी केल्या असतील. ते भेंड इतके हलके असते, कारण त्यात असंख्य बारीक पोकळ्या असतात आणि त्या हवेने भरलेल्या असतात.

हा तुकडा पाण्यावर नुसता टाकला तर आडवा पडून तरंगतो. मात्र शिसे बांधलेल्या दोऱ्यात अडकवला की ताठ उभा राहतो, त्याचे थोडेसे डोके पाण्याबाहेर डोकावते. असे का व्हावे?

धाटाचा हिशेब

आर्किमिडीजचा सिद्धांत तुम्हाला पाठ असेल. पाण्यात बुडालेल्या वस्तूवर वरच्या दिशेने एक बल काम करते, आणि ते बल त्या वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके असते. आता हा सिद्धांत वहीतून काढून नदीवर नेऊ.

समजा, आपले धाट ८ सेंटीमीटर लांब आहे आणि त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटीमीटर आहे. म्हणजे त्याचे घनफळ झाले ८ घन सेंटीमीटर. त्याचे वजन समजा २ ग्रॅम आहे. त्याला आपण ५ ग्रॅम शिसे बांधले. शिशाची घनता दर घन सेंटीमीटरला ११.३ ग्रॅम. म्हणून ५ ग्रॅम शिसे जेमतेम ०.४४ घन सेंटीमीटर जागा व्यापते, तेवढेच पाणी बाजूला सारते आणि पाण्यात त्याचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम भरते. गळ व आमिष यांचे वजन सोयीसाठी सोडून देऊ.

धाटाचे २ आणि शिशाचे साडेचार, असा साडेसहा ग्रॅमचा भार धाटाला पेलायचा आहे. त्यासाठी त्याने साडेसहा घन सेंटीमीटर पाणी बाजूला सारले पाहिजे. म्हणजेच ते साडेसहा सेंटीमीटर बुडेल आणि दीड सेंटीमीटर वर राहील. ते उभे राहते याचे कारण असे की सगळा जड भाग आता खाली गेला आणि पाण्याचा उचलणारा जोर त्याच्या वरच्या बाजूला आला. बुडाशी जड केलेली बाहुली जशी पाडली तरी उठून बसते, तसेच हे.

आता खरी मौज पाहा. हे धाट पुरते बुडवायला आणखी किती जोर लागेल? फक्त दीड ग्रॅम! एवढ्याशा ओढीने ते दिसेनासे होईल. आणि समजा धाट अधिक बारीक घेतले, छेद पाव चौरस सेंटीमीटरचा, तर प्रत्येक ग्रॅमला ते १ ऐवजी ४ सेंटीमीटर खाली जाईल. धाट जितके बारीक, तितका त्याचा तराजू नाजूक. दुधाची परीक्षा करायचा लॅक्टोमीटर तुम्ही पाहिला असेल. त्याची मान बारीक का असते, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

थोडक्यात, गळाचे धाट हे एक मापनयंत्र आहे. पाण्याखाली चाललेली गोष्ट ते पाण्यावर लिहून दाखवते. ते लिखाण वाचता आले पाहिजे. धाट थरथरते, पण बुडत नाही, तेव्हा लहान मासळी आमिषाचे कण टोचून खाते आहे असे समजावे. एकदम खाली जाते, तेव्हा माशाने आमिष तोंडात धरून खाली किंवा बाजूला धाव घेतलेली असते. आणि कधी कधी धाट बुडण्याऐवजी वर येते आणि आडवे पडते. नवखा मुलगा म्हणतो, "काही नाही, गेला." जाणता मात्र ताबडतोब काठी उचलतो. कारण माशाने आमिषाबरोबर शिसेही उचलले आहे, धाटावरचा साडेचार ग्रॅमचा भार उतरला आहे आणि म्हणूनच ते आडवे झाले आहे.

खोली मोजणारे धाट

याच शेवटच्या खुणेचा दुसरा उपयोग असा. शिसे नदीच्या तळाला टेकले तरीदेखील धाटावरचा भार उतरतो आणि ते आडवे पडते. मग जाणता मुलगा काय करतो? धाट दोऱ्यावरून थोडे खाली सरकवतो आणि पुन्हा गळ टाकतो. असे करता करता एका जागी धाट ताठ उभे राहते. आता शिसे तळापासून नुकते सुटलेले असते. धाटापासून शिशापर्यंतचा दोरा मोजला की तिथल्या पाण्याची खोली मिळाली! फक्त हे मोजमाप संथ पाण्यात करायचे, कारण वाहत्या पाण्यात दोरा तिरका होतो आणि खोली आहे त्यापेक्षा जास्त भरते.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? पावसाळा संपला की पाणी निवळते, तळाचे गोटे दिसतात, मग खोली दिसतेच की!

इथेच घात होतो. आता तो प्रसंग सांगतो.

मी तेव्हा सहावीत होतो. सुटीच्या दिवशी आम्ही मित्र सीनेवर गेलो होतो. पाणी नितळ होते. काठावरून तळाची वाळू स्वच्छ दिसत होती आणि पाणी फार तर गुडघाभर वाटत होते. माझी चप्पल पाण्यात गेली होती, ती काढायला मी बेधडक पाय टाकला. गुडघाभर वाटणारे पाणी माझ्या छातीच्या वर आले. पाय टेकले होते, पण टेकल्यासारखे वाटेनात, आणि ओढीबरोबर मी सरकू लागलो. शेजारी गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जागेवरून न उठता आपली कळकाची काठी माझ्यापुढे धरली आणि मला ओढून घेतले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पोरा, पाणी डोळ्यानं मोजू नगं, शिश्यानं मोज."

त्यांना वक्रीभवनाचा नियम ठाऊक नसावा. पण त्यांनी सांगितले ते त्या नियमाचेच सार होते.

डोळा का फसतो?

प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना वाकतात, स्तंभिकेपासून दूर जातात. आपल्या डोळ्याला मात्र हे वाकणे कळत नाही. किरण सरळच आला असे तो धरून चालतो आणि तळ आहे त्यापेक्षा वर असल्याचे आपल्याला भासवतो. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, म्हणजे जवळजवळ ४/३. यावरून नियम असा निघतो की अगदी वरून, सरळ खाली पाहिले, तर पाण्याची भासणारी खोली खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांश असते. १२० सेंटीमीटर पाणी ९० सेंटीमीटर वाटते.

पण नदीच्या काठावर उभे राहून आपण सरळ खाली कुठे पाहतो? आपण तिरकस पाहतो. नजर जितकी तिरकस, तितका तळ अधिक वर आल्यासारखा भासतो. पुरेशा तिरकस नजरेला पाण्याची खोली निम्मी किंवा त्याहूनही कमी वाटते. माझ्या 'गुडघाभर' पाण्याचे गणित हे असे होते. नदीच्या पात्रात वाळू उपसल्याने झालेले खड्डे असले, तर फसगत आणखीच वाढते.

या फसवणुकीतून मासाही सुटलेला नाही. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसते. पाण्याचा क्रांतिक कोन सुमारे ४८.६ अंश आहे, म्हणून ही खिडकी माशाच्या डोळ्याशी सुमारे ९७ अंशांचा कोन करते. ५० सेंटीमीटर खोलीवरच्या माशासाठी तिची त्रिज्या सुमारे ५७ सेंटीमीटर असते. खिडकीच्या पलीकडे पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो. काठावरच्या वस्तू या खिडकीच्या कडेला चेपून, बुटक्या होऊन दिसतात. म्हणून गळवाला खाली बसतो. उभा राहिला, तर तो खिडकीत ठळक दिसू लागतो.

आणि तो पाय का आपटत नाही? हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परत फिरतो, त्यामुळे हळू बोलले तर माशाला फारसा पत्ता लागत नाही. पण पाय आपटल्याची कंपने जमिनीतून थेट पाण्यात शिरतात. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेखा नावाची एक ओळ असते. तिच्यातील संवेदी पेशींना पाण्याची बारीकशी हालचालही जाणवते.

धाट हलतच नाही तेव्हा

कधी कधी तास-तास धाट जागचे हलत नाही. ही देखील बातमीच आहे. शहराजवळच्या नदीत, विशेषतः सांडपाण्याचा नाला जिथे मिळतो त्याच्या आसपास, पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात, पण आमिषाला शिवत नाहीत. त्यांना भूक नसते असे नाही, त्यांचा श्वास कोंडत असतो.

एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात मात्र २० अंश सेल्सियसला फार तर ९ मिलिग्रॅम विरघळतो. पाणी तापले की तेवढाही टिकत नाही. ३५ अंशांना तो ७ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे! त्यात सांडपाण्यातली घाण कुजवणारे जीवाणू ऑक्सिजन खर्च करतात. दिवसा पाण्यातले शेवाळ प्रकाशसंश्लेषणाने थोडी भर घालते. रात्री ते काम बंद पडते आणि शेवाळ स्वतःही ऑक्सिजन वापरते. म्हणून पाण्यातला ऑक्सिजन सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असतो.

अशा पाण्यात कोणते मासे तग धरतात? मरळ आणि मांगूर यांना वर येऊन हवेतला ऑक्सिजन घेता येतो. दुसरा चिवट मासा म्हणजे चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला तिलापिया. तो १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज उजनीच्या जलाशयापासून गावच्या तळ्यापर्यंत सगळीकडे पसरला आहे. कमी ऑक्सिजन तो बराच सहन करतो. गळाला रोज चिलापीच लागू लागली आणि इतर मासे दिसेनासे झाले, तर मुलांनी नशिबाला बोल लावू नये. नदीत काय बदलले आहे, ते पाहावे.

पाण्याचा रेटा

आता त्या नववीतल्या मुलाच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू, कारण खोली कळली तरी अर्धेच काम होते. पाण्याचा वेगही कळला पाहिजे. तोही धाटच सांगते. सुटे धाट प्रवाहात सोडा आणि काठाने १० मीटर अंतर जायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजा. २० सेकंद लागले, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. १० सेकंद लागले, तर १ मीटर.

एक मीटर म्हणजे फार नव्हे, आपण चालतो त्याहून थोडा कमीच वेग. पण पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर रेटा चौपट. सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी छातीपर्यंत बुडालेल्या मुलाला अंदाजे १० ते १५ किलोग्रॅम वजनाइतका रेटा देते.

याला तोंड द्यायला पाय घट्ट रोवले पाहिजेत. पण आर्किमिडीजचा सिद्धांत फक्त धाटाला लागू नाही, तुम्हालाही लागू आहे! ४० किलो वजनाचा मुलगा कमरेपर्यंत पाण्यात उभा राहिला, तर तळावर त्याचा भार निम्म्याच्या आसपासच पडतो. छातीपर्यंत बुडाला तर १२ ते १५ किलो, गळ्यापर्यंत बुडाला तर अवघा ४-५ किलो. भार कमी, म्हणून पायाखालचे घर्षण कमी. उलट, रेटा झेलणारे अंग मात्र अधिक. सहावीत असताना माझे पाय टेकूनही टेकल्यासारखे का वाटत नव्हते, हे मला पुढे कॉलेजात उदाहरणे सोडवताना कळले.

शिवाय नदी आज जशी आहे तशी उद्या नसते. वर पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडले, की आपल्याकडे निरभ्र आकाश असतानाही पाणी चढते. उन्हाळ्यात डबक्यांपुरती उरणारी हीच सीना सप्टेंबर २०२५ मध्ये अशी फुगली की काठच्या कित्येक गावांना पाण्याचा वेढा पडला. काठावर एक काडी रोवून ठेवा आणि पाणी तिच्यापर्यंत चढते का, ते अधूनमधून पाहत राहा. पाणी चढताना दिसले की सामान गोळा करून निघायचे. मासे पुढच्या रविवारीही असतात.

कोणी बुडत असेल तर

हे मात्र पाठच करून ठेवा. मागोमाग उडी मारायची नाही. घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठावर आडवे पडून काठी, दोर, लुंगी, टॉवेल, जे असेल ते पुढे करा आणि मोठ्यांना हाका मारा. काही पोहोचत नसेल, तर झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा त्याच्याकडे फेका. पाच लिटरचा रिकामा डबा जवळजवळ पाच किलो भार पाण्यावर तोलून धरतो, आणि बुडणाऱ्याचे तोंड पाण्याबाहेर राहायला साधारण तेवढाच आधार पुरतो. डबा म्हणजे तरी काय? मोठे धाटच!

घरी करून पाहा

१. धाटाचा बोटभर तुकडा घ्या. दोन्ही टोके मेणबत्तीच्या मेणाने बंद करा, नाहीतर भेंड पाणी शोषून जड होते. खाली दोऱ्याने लोखंडी नट बांधा. शिसे विषारी असते, ते हाताळू नका आणि दातांत तर कधीच धरू नका. बादलीत धाट उभे राहील असा नट निवडा. मग दुसऱ्या दोऱ्याने एकेक टाचणी टांगत जा आणि दर टाचणीला धाट किती खाली जाते, ते वहीत लिहा. तुमचा तराजू तयार झाला.

२. बादलीत २४ सेंटीमीटर पाणी भरा आणि तळाशी एक नाणे ठेवा. अगदी वरून नाण्याकडे पाहत, नाणे ज्या उंचीवर भासते त्या उंचीवर बादलीच्या बाहेरून बोट ठेवा. बोटापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजा. ते १८ सेंटीमीटरच्या जवळ येते का? आता तिरकस पाहून पुन्हा मोजा.

३. धाट साध्या पाण्यात किती बुडते याची खूण करा. मग पाण्यात चार मुठी मीठ विरघळवा. खूण वर जाईल की खाली? आधी उत्तर लिहा, मग पाहा.

हे तिन्ही प्रयोग घरच्या बादलीत करायचे आहेत, नदीवर नव्हे. नदीवर जायचे तर पोहता येणाऱ्या मोठ्या माणसाबरोबर, आणि पाण्यात पाय टाकण्याआधी काठीने किंवा दोऱ्याने खोली मोजून. त्या नववीतल्या मुलाने आता आपल्या तंगुसाला हात-हात अंतरावर रंगीत दोऱ्याच्या गाठी मारल्या आहेत. गेल्या रविवारी त्याने मला सांगितले, "सर, जिथं आम्ही रोज पाय धुवायला उतरायचो, तिथून दोन पावलांवर पुरुषभर पाणी निघालं." त्या जागी आता त्यांनी काठावर एक खुणेची काठी रोवली आहे.